दुसरा ब्रेक

या घरात गाडीला ओरखडा आला की आधी टेबल मांडायचं, जेवण नंतर. मास्तरांनी ड्रायव्हिंग स्कूल काढलं तेव्हापासूनचा हा नियम. ज्याने गाडी घासली त्याने स्वयंपाकघरातली भांडी जेवणाच्या टेबलावर मांडायची आणि सगळ्यांसमोर दाखवायचं, की ही आपली गाडी, हा ट्रक, हा खांब, आणि खांब आला तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो. मग घरातला प्रत्येक जण त्याला एकेक प्रश्न विचारणार. मास्तरांच्या थोरल्या मुलाने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी स्कूलची गाडी फाटकाला घासली होती, तेव्हा नव्या नवरीने सासरी पहिलं काम काय केलं, तर साखरेचा डबा बस म्हणून पुढे सरकवला. या लोकांच्यात असंच असतं वाटतं, असं तिच्या मनात आलं. तिचं फारसं चुकलं नव्हतं.

आजही टेबल मांडलं होतं. साखरेचा डबा म्हणजे गादीवाल्याचं दुकान. त्याच्यासमोर बिस्किटांची चळत, म्हणजे फुटपाथवर हवा खायला काढून ठेवलेल्या गाद्या. मिठाची बरणी म्हणजे स्कूलची गाडी. सगळं जागच्या जागी होतं, फक्त ती बरणी कुणी ढकलायची तेवढं ठरत नव्हतं.

वकील, म्हणजे मास्तरांचा धाकटा मुलगा, म्हणत होता, मास्तरांनी. आत्या, म्हणजे मास्तरांची मुलगी, म्हणत होती, पोरीने.

मास्तर स्वतः टेबलाच्या टोकाशी बसले होते. चेहऱ्याची उजवी बाजू गुळगुळीत, डावीवर चार दिवसांची पांढरी खुंटं, आणि गळ्यात अजून न्हाव्याचं फडकं. ते काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं. अशा माणसाशी गंभीर बोलणं जड जातं. म्हणूनच वकील त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसला होता.

दुपारी झालं ते असं. बारकी, म्हणजे थोरल्याची सतरा वर्षांची मुलगी, आणि डब्बू, म्हणजे वकिलाचा तेवढाच मुलगा, या दोघांनी पाण्याच्या टाकीमागे बसून गांजा ओढला. मग स्कूलची गाडी काढली. बारकी चालवायला, डब्बू शेजारी. बाजारातल्या वळणावर गाडी वळायची ती वळलीच नाही. सरळ फुटपाथवर चढली आणि गादीवाल्याच्या दुकानात गेली. वेग इतका कमी होता, की समोरच्या टपरीवर चहा पिणाऱ्या एका माणसाला काय होणार ते आधीच कळलं होतं आणि तरी त्याने चहा संपवला. गाडी पहिल्या गादीवर चढली, दुसरीवर चढली आणि तिथे घरघरत बसली.

मास्तर समोरच न्हाव्याच्या खुर्चीत होते. न्हावी गरम पाणी आणायला आत गेला होता. आपली गाडी गाद्यांवर चढताना मास्तरांनी आरशातच पाहिली. फडक्यासकट धावत सुटले, दार उघडलं, नातीला मागच्या सीटवर ढकललं, स्वतः बसले, इंजिन बंद केलं आणि हॅन्डब्रेक ओढला. तेवढ्यात वरच्या फळीवरच्या सगळ्या उशा गाडीवर कोसळल्या. लोकांनी उशा उपसल्या तेव्हा आत स्टिअरिंगवर कोण, तर मास्तर, अर्धी दाढी करून. न्हावी गरम पाणी घेऊन बाहेर आला तो रिकामी खुर्ची बघून म्हणाला, अरे, हे मधेच उठून गाडी घेऊन गेले. मग काय, बाजाराला जे समजायचं ते समजलं. मास्तरांचं वय झालं.

मास्तर तेव्हा काही बोलले नाहीत. ते नातीला विचारत होते, कुठे लागलं का. हवालदार आला, त्याला गाडी मास्तरांनीच शिकवलेली. तो खाली मान घालून म्हणाला, "संध्याकाळी चौकीवर येऊन जबाब देऊन जा, मास्तर. या वयात होतं."

"मी तेच म्हणतोय," वकील आता टेबलापाशी म्हणाला. "आपल्याला खोटं बोलायचंच नाहीये. लोकच बोललेत. आपण फक्त नाही म्हणायचं नाही."

"आणि मास्तरांचं लायसन्स?" आत्याने विचारलं. स्कूलचं काउंटर आणि रस्त्यावरच्या चिन्हांचा वर्ग तिच्याकडे होता. लोकांना गप्प कसं करायचं ते तिला चांगलं येत असे.

"ते जाईल. त्यांना ते आता किती दिवस..." वकिलाने वाक्य तिथेच सोडलं. "उलट बाजूने बघ ताई. अल्पवयीन मुलगी, नशा केलेली, स्कूलची गाडी. तिला कैक वर्षं लायसन्स नाही. दादावर केस, कारण गाडी त्याच्या नावावर. स्कूल बंद. आणि डब्बूचं नाव विनाकारण आत येईल ते वेगळं."

"विनाकारण म्हणजे? माल कुणी आणला होता?"

वकिलाने बिस्किटांच्या चळतीकडे पाहिलं.

थोरली, म्हणजे थोरल्याची बायको, गच्चीवरून झालेल्या एका जुन्या भांडणापासून या दिराशी कामापुरतंच बोलायची. आज ती त्याच्या बाजूला खुर्ची ओढून बसली होती. बारकीला इंजिनिअरिंगला जायचं होतं, गाड्यांच्याच. पोरीच्या नावापुढे पोलीस केस लागलेली तिला डोळ्यांसमोर दिसत होती. मास्तरांचं तिला वाईट वाटत होतं. पण मास्तरांचं आयुष्य जगून झालं होतं, पोरीचं व्हायचं होतं, आणि असा हिशेब मांडला म्हणून तिला स्वतःची लाजही वाटत होती.

"भाऊजी बरोबर बोलतायत," ती म्हणाली.

हे वाक्य या घरात पूर्वी कधी ऐकू आलेलं नव्हतं. थोरल्याने मान वर करून बायकोकडे पाहिलं आणि परत खाली घातली.

"मी सांगतो की मी चालवत होतो," मास्तर म्हणाले. "विषय संपला. चहा टाका."

"मास्तर, तुम्ही उभ्या आयुष्यात कुणाला धक्का लावला नाहीत," आत्या म्हणाली. या घरात मुलंसुद्धा बापाला मास्तरच म्हणत. सगळे त्यांच्याच शेजारी बसून शिकले होते, आणि गाडीत त्यांना बाबा म्हटलेलं चालत नसे.

"मग इतकं स्वच्छ ठेवलेल्या लायसन्सचं काय लोणचं घालू?"

"आणि तुमची माणसं? ती हॉर्न ऐकला की डोळे मिटणारी कॅशियरबाई? तिला कोण शिकवणार?"

स्कूलमधले सगळ्यात घाबरट विद्यार्थी त्यांच्याकडे असत. थोरला त्यांच्यावर ओरडायचा, स्कूलमधले दुसरे शिकवणारे त्यांना नको म्हणायचे. मास्तर त्यांना घेऊन गावाबाहेरच्या रस्त्यावर तासन् तास फिरत, आणि एक दिवस ते लोक आपणहून टॉप गिअर टाकत. सकाळी उठायचं ते मास्तर त्यासाठीच उठत. हे सगळ्यांना माहीत होतं, वकिलालासुद्धा. म्हणून तो घाईने उठला.

"एकदा सराव करून घेऊ. चौकीवर अडायला नको."

त्याने चार खुर्च्या दोनदोन करून मांडल्या. पुढच्या उजव्या खुर्चीत मास्तरांना बसवलं आणि हातात कुकरचं झाकण दिलं. मास्तरांनी ते दोन्ही हातांनी नीट धरलं, जसं शिकवतात तसं. मग खुर्ची दोन बोटं पुढे घेतली, कारण पाय पोचत नव्हते.

"हां," वकील म्हणाला. "तुम्ही बाजारातून येताय. वळण आलं. काय केलंत?"

"आरशात पाहिलं."

"पाहिलं नाहीत."

"न पाहता वळू?"

"बरं, पाहिलंत. पुढे?"

"इंडिकेटर दिला. गाडी हळू केली. वळलो."

"वळला नाहीत, मास्तर. सरळ गेलात."

"सरळ जायचं होतं तर इंडिकेटर कशाला देईन?"

वकिलाने कपाळाला हात लावला. "इंडिकेटर राहू दे. समोर गाद्या दिसल्या. मग?"

"थांबलो."

"थांबला असतात तर आपण इथे बसलो असतो का?"

"मग मला आधी सांग, मी थांबलो का नाही."

"पाय घसरला."

"कुठला? ब्रेकवरून घसरला तर जाईल कुठे? रेसवर. म्हणजे गाडी उडी मारेल. ही गाडी तर बाजारहाट करायला निघाल्यासारखी दुकानात गेली. हवालदार माझ्या हाताखाली शिकलाय, तो हे ऐकून हसेल."

"चक्कर आली म्हणा."

"चक्कर येतेय असं वाटलं की मी गाडी बाजूला घेईन. मग येऊ देईन."

"एकदम आली."

"एकदम आली तरी पाय ब्रेकवरच असणार. वळणाआधी तो तिथेच असतो."

त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला मास्तरांनी गाडी फुटपाथच्या अलीकडेच उभी केली. तिसऱ्या खेपेला वाटेत कॅशियरबाईंना रस्ता ओलांडू दिला. चौथ्या खेपेपर्यंत तो अपघात इतका सुधारला, की गादीवाल्याचं दुकान वाचलं, एक कुत्रं वाचलं, आणि मास्तरांनी जाताजाता चुकीच्या जागी उभ्या असलेल्या एका रिक्षावाल्याला समज दिली. आत्या तोंडावर पदर धरून हसायला लागली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते सगळं हसण्याचं नव्हतं.

"तुम्हाला खोटं बोलायचंच नाहीये," वकील रागावून म्हणाला.

"खोटं बोलायला माझी ना नाही. चुकीचं चालवता येत नाही मला. ती सवयच नाही." मास्तरांनी झाकण मांडीवर ठेवलं. "जिने चालवली तिलाच विचारू. बारके, इकडे ये. मला शिकव, तू कशी गेलीस."

बारकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दुपारपासून तिने माठभर पाणी प्यायलं होतं, तरी जीभ टाळूला चिकटत होती. डोकं आता बरंच जाग्यावर आलं होतं, आणि जाग्यावर आलं तसं ते तिला नकोसं झालं होतं. ती येऊन आजोबांच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"तिथे नाही. तिथे डब्बू होता," मास्तर म्हणाले आणि स्वतः उठले. "तू इथे बस. डब्बू, तुझ्या जागेवर ये."

म्हणून मग बारकी चालवायच्या खुर्चीत बसली, डब्बू शेजारच्या, आणि मास्तर मागच्या खुर्चीत, दोघांच्या मधून वाकून.

"मी छान चालवत होते, आजोबा," बारकी म्हणाली. "खरंच. मला वाटत होतं इतकं छान मी कधीच चालवलं नाही. सगळं कळत होतं. टायरखालचे खडे कळत होते."

"सिग्नलला पण थांबलो होतो आम्ही," डब्बू म्हणाला.

"लाल होता?"

"हिरवा. पण अजून हिरवा होईल असं वाटत होतं."

"आणि पुढे एक कुत्रं चाललं होतं. त्याला ओव्हरटेक करायला नको म्हणून मी त्याच्या मागून चालवली. किती वेळ. मला वाटलं संध्याकाळच झाली."

"टाकीपासून बाजारापर्यंत?" थोरली म्हणाली. "दोन वळणांचा तर रस्ता."

"काकू, तसं काही होत नाही गांजाने," डब्बू म्हणाला. "दारूने होतं. ही झाडाची गोष्ट आहे. उलट माणूस सांभाळून चालवतो. बघा ना, आम्ही किती हळू चालवत होतो."

"इतकी हळू, की दुकानात शिरलात," आत्या म्हणाली. "बारके, आता माझा प्रश्न. टेबलाचा. तुला गाद्या दिसल्या होत्या का?"

"दिसल्या. लांबूनच दिसल्या. निळ्या पट्ट्यांच्या होत्या."

"मग?"

"मग मी वाट बघितली."

"कशाची?"

बारकीने कुकरचं झाकण धरलं होतं. तिने ते थोडंसं सुद्धा वळवलं नाही.

"ब्रेक लागायची," ती म्हणाली.

वकिलाला काही समजलं नाही. तो घरातला एकटाच गाडी न शिकवणारा माणूस. बाकीच्यांना एकदम समजलं.

स्कूलच्या गाडीला ब्रेक दोन. एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या. बारकी तेराव्या वर्षापासून मैदानात स्कूलच्याच गाडीत बापाशेजारी बसून शिकली होती. दुसरी गाडी तिने कधी हातात घेतलीच नव्हती. मैदानात सरावासाठी मांडलेला ड्रम जवळ आला की थोरल्याचा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर जायचाच. पोरगी दाबते की नाही ते बघायलाही तो थांबायचा नाही. आणि मग घरी येऊन सांगायचा, पोरीने आजवर एका ड्रमला हात लावला नाही, हिच्यात मास्तरांचं रक्त आहे.

"आणि तू रे?" मास्तरांनी डब्बूला विचारलं. "ब्रेक तुझ्या पायाशी होता."

"पाय ठेवलाच होता मी त्याच्यावर."

"मग दाबला का नाहीस?"

"ती चालवत होती ना. मला वाटलं ती दाबेल. आणि वेळ होता, आजोबा. खूप वेळ होता. गाद्या येतच होत्या, येतच होत्या." डब्बू खुर्चीत तसाच बसला होता, पाय फरशीवर ठेवून. आता त्याने त्या पायाकडे पाहिलं. "मला वाटलं, आपण नंतर दाबू."

दोन पोरं, दोन ब्रेक, आणि दोघं एकमेकांची वाट बघत दुकानात गेलेली.

थोरल्याचा उजवा पाय टेबलाखाली फरशीवर घट्ट दाबलेला होता. बारकी वळणाबद्दल बोलायला लागली तेव्हापासून दाबलेला. त्याला तो उचलता येईना. "मी तिला कधी आदळूच दिलं नाही," तो म्हणाला. संध्याकाळभरातलं हे त्याचं पहिलं वाक्य. "मला वाटायचं ती शिकतेय." मोठ्या माणसासारखा दिसण्याचा त्याने काही प्रयत्न केला नाही. तो रडला. थोरली त्याच्याकडे बघत राहिली. लग्नात न रडलेला, आई गेली तेव्हा न रडलेला माणूस मिठाच्या बरणीकडे बघून रडत होता.

दाराची बेल वाजली.

वकील सगळ्यात आधी भानावर आला. त्याने दारातल्या भिंगातून पाहिलं आणि मागे वळून कुजबुजला, "गादीवाला आहे. सगळे आपापल्या जागी. मास्तर, पुढे बसा. काही झालं तरी नीट बोला."

नीट बोला म्हणजे चुकीचं बोला, हे मास्तरांना कळलं. ते मागच्या खुर्चीतून उठून पुढच्या खुर्चीत बसले, कारण बारकी घाबरून तिच्यातून उठली होती.

गादीवाला आत आला. भला मोठा माणूस, शर्टाला अजून कापूस चिकटलेला. तो भांडायला आला असेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो खुर्च्यांच्या गाडीकडे बघून गोंधळला, मग मास्तरांसमोर गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने, सावकाश बोलला.

"मास्तर. बरं आहे का आता? लागलं नाही ना?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"मी भरपाई मागायला आलो नाही. गाद्यांचं काय, त्या दबायसाठीच असतात." तो स्वतःच्या बोलण्यावर हसला आणि लगेच हसायचा थांबला. "मी रोज दुपारी बाहेरच्या गादीवर झोपतो. सगळ्यांना माहीत आहे. जाहिरात होते. आज पण झोपलो होतो. आत फोन वाजला म्हणून उठलो. कुणीतरी विचारत होतं, लॉन्ड्री का. मी म्हटलं, नाही. फोन ठेवून वळतोय तर गादीवर तुमची गाडी."

तो आजही तिथे झोपला होता हे कुणालाच माहीत नव्हतं. थोरलीने बिस्किटांच्या चळतीकडे पाहिलं. सगळ्यात वरच्या बिस्किटाचा कोपरा तुटलेला होता. तिने नजर काढून घेतली.

"तुम्हाला गादी दिसली नाही का हो, मास्तर?" गादीवाल्याने विचारलं. विचारण्यात राग नव्हता.

मास्तरांनी झाकण हातात घेतलं. मग आपल्या हातात झाकण आहे हे लक्षात येऊन ते खाली ठेवलं.

"दिसली नाही," ते म्हणाले. "मला नीट दिसत नाही हल्ली. पाय कुठे आहे ते कळत नाही. वळण आलं ते कळलंच नाही."

चार वेळा न जमलेलं त्यांना पाचव्या वेळी जमलं. एकही चूक न करता ते चुकले. आवाजसुद्धा त्यांनी म्हाताऱ्याचा काढला.

"होतं हो," गादीवाला म्हणाला. त्याने मास्तरांचा हात हातात घेतला आणि वरून थोपटला. "माझ्या बायकोला तुम्ही शिकवलंत. ती म्हणायची, मास्तर शेजारी असले की भीतीच वाटत नाही. आता मात्र गाडीला हात लावू नका. आणि ती तुमची शिकायला येणारी माणसं, त्यांनाही सांगून टाका बाबा, की मास्तर आता बसत नाहीत. उगाच कुणाचा जीव जायचा. काय?"

"हो," मास्तर म्हणाले.

"सांगाल ना?"

"सांगेन."

थोरलीला दुपारपासून हेच हवं होतं. आणि आता ते मिळालं तेव्हा तिला ते बघवेना. इतकी वर्षं ज्या माणसासमोर तिने डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता, त्याला एक गादीवाला लहान मुलासारखं थोपटत होता, आणि तो माणूस तिच्या पोरीसाठी मान डोलवत होता. तिने बारकीकडे पाहिलं. तू बोल असं ती डोळ्यांनी म्हणाली की नाही, हे तिला नंतर कधी सांगता आलं नाही.

"मी चालवत होते," बारकी म्हणाली.

"बारके, आत जा," वकील म्हणाला.

"ती कुठे जायची नाही," थोरली म्हणाली. "भाऊजी, तुम्ही बसा."

वकील बसला. तो डब्बूच्या खुर्चीत बसला हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

"मी चालवत होते, काका. आजोबा न्हाव्याकडे होते, ते नंतर आले. मी गांजा ओढला होता. आम्ही दोघांनी."

"मीच आणला होता," डब्बू म्हणाला. बापाकडे न बघता.

गादीवाल्याने मास्तरांचा हात सोडला नाही. त्याला ते समजायला वेळ लागत होता. त्याने मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आधी दाढीच्या बाजूला, मग गुळगुळीत बाजूला. मग त्याने हात अलगद काढून घेतला, आपण कुणाला थोपटत होतो हे कळल्यासारखा.

"माफ करा, मास्तर," तो म्हणाला.

"तुमचं काय चुकलं," मास्तर म्हणाले. आवाज पुन्हा स्वतःचा झाला होता.

गादीवाला बारकीकडे वळला. आता तो ओरडेल असं वाटून थोरला उठून उभा राहिला. पण तो ओरडला नाही. त्याला एकच गोष्ट हवी होती, ती तो दुपारपासून सगळ्या बाजाराला विचारत फिरला होता आणि कुणी धड सांगत नव्हतं.

"मी गादीवर असतो तर?" त्याने विचारलं. "मी तिथे झोपलेला असतो, तर तू मला बघितलं असतंस ना? थांबली असतीस?"

वकील खोकला. या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं हे त्याला माहीत होतं. घरातल्या सगळ्यांना वाटलं, आता ही हो म्हणेल. हो म्हणणं सोपं होतं, आणि त्या माणसालाही तेवढंच ऐकायचं होतं. तो हो ऐकून घरी गेला असता.

बारकीने विचार केला. तिने खरंच विचार केला, त्या निळ्या पट्ट्या पुन्हा डोळ्यांसमोर आणल्या आणि त्यांच्यावर या भल्या मोठ्या माणसाला झोपवलं, तोंड उघडं टाकून, चपला खाली काढून.

"तुम्ही दिसला असतात," ती म्हणाली. "लांबूनच दिसला असतात. मला कळलं असतं की माणूस झोपलाय."

"मग?"

"मग मी वाट बघितली असती. कुणीतरी ब्रेक दाबेल म्हणून." "मी थांबले नसते, काका."

गादीवाल्याला बसायला जागा हवी होती. त्याने हाताने चाचपून मागची खुर्ची धरली आणि तिच्यात बसला. मास्तर पुढे, तो मागे. बराच वेळ तो आपल्या शर्टावरचा कापूस वेचत राहिला. थोरलीने त्याच्यासमोर पाणी धरलं, ते त्याने घेतलं आणि प्यायचं विसरला.

"हे माझ्या बायकोला येऊन सांगशील?" तो शेवटी म्हणाला. "आत्ता म्हणालीस तसंच. मी दुपारपासून थरथरतोय. ती म्हणते, काही झालं नाही ना, मग उगाच काय. म्हणते, झोप जरा." त्याने पेला थोरलीला परत दिला. "तिला सांग, की झालं होतं."

"सांगते," बारकी म्हणाली.

"आणि तिथून चौकीवर," मास्तर म्हणाले. ते चालवायच्या खुर्चीतून उठले आणि गळ्यातलं फडकं सोडायला लागले. गाठ त्यांना सुटेना, ती आत्याने सोडली. "मी बरोबर येतो. पण बोलायचं तू."

"चालत?" थोरल्याने विचारलं.

"चालत."

बारकी दाराशी वाकून चपला शोधू लागली. डब्बू तिच्या शेजारी येऊन वाकला. वकील म्हणाला, "थांबा, कोणी काय बोलायचं ते आधी ठरवू," पण तोवर गादीवाला जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून थांबला होता आणि वर बघत होता. बारकीला एक चप्पल मिळाली, ती तिने घातली, दुसरी मिळेना. ती तशीच, एका पायाने अनवाणी, त्याच्यामागे उतरायला लागली.